कॅमेरा मुकादमाच्या वहीकडे वळवा

पत्र : मी बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यातल्या एका गावची. आईवडील ऊसतोड कामगार. सहावीपर्यंत मी दर वर्षी त्यांच्याबरोबर उसाच्या फडावर जात असे, नंतर आजीजवळ राहून शिकले. सध्या जनसंवाद विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. शेवटच्या सत्राच्या प्रकल्पासाठी ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर माहितीपट करायचा आहे. माझ्या मावशीची पिशवी सव्विसाव्या वर्षी काढली. ती बोलायला तयार आहे, पण तिने मला एकच विचारले, "लई जणी आल्या, फोटू काढून गेल्या. तुझ्या पिच्चरनं आमचं काय व्हणार?" मला उत्तर देता आले नाही. वर्गातले मित्र म्हणतात की मावशी रडली तरच लोक शेवटपर्यंत बघतील, आणि झाल्यावर लगेच यूट्यूबवर टाकू. टोळीचा मुकादम आमच्याच भावकीतला आहे. मी हा माहितीपट करावा का, आणि करायचा तर कसा?

उत्तर :

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि प्रत्येक वेळी मावशींच्या प्रश्नापाशी थांबलो. माहितीपट जरूर करा. मात्र मावशींचा प्रश्न चित्रीकरणाआधी उरकून टाकायची अडचण आहे असे समजू नका. तुमच्या चित्रपटाचा सारा आराखडा त्या प्रश्नावरच उभा राहायला हवा, आणि म्हणून माझे उत्तरही तिथूनच सुरू करतो.

मावशी म्हणतात ते खरेच आहे. २०१९ साली बीडमधील शस्त्रक्रियांच्या बातम्या झळकल्या, राष्ट्रीय महिला आयोगाने दखल घेतली, विधिमंडळात प्रश्न विचारले गेले, आणि तीन वर्षांत एकट्या बीड जिल्ह्यात ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची आकडेवारी सरकारनेच सभागृहात दिली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२,००० ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,००० हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे जागृती झाली नाही असे कुणालाही म्हणता येणार नाही; देशातल्या आणि परदेशातल्या वर्तमानपत्रांनीही यावर लिहिले. पण त्याच काळात काही गावांच्या कपाळी 'बिनपिशवीच्या बायकांचे गाव' अशी ओळख चिकटली. आपल्या गावाचे नाव त्या मथळ्याखाली वाचताना तिथल्या एखाद्या लग्नाच्या मुलीच्या आईला काय वाटले असेल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. आधीच जगजाहीर झालेले दुःख पुन्हा एकदा दाखवण्यासाठी मावशींना कॅमेऱ्यासमोर बसवायचे असेल, तर त्यांचा प्रश्न अनुत्तरितच राहील.

इथे माझा एक अनुभव सांगायला हवा. पुष्कळ वर्षांपूर्वी मी दगडखाणीतल्या मजुरांवर वीस मिनिटांचा माहितीपट केला होता. शहरातल्या सभागृहात तो गाजला, लोक डोळे पुसत बाहेर आले, आणि मला फार समाधान वाटले. त्यानंतर दोन महिन्यांनी, म्हणजे व्हायला नको होते इतक्या उशिरा, खाणीजवळच्या वस्तीत दोन बांबूंना पांढरी चादर बांधून आम्ही तो दाखवला. चित्रपटात जिच्या हाताला पडलेल्या भेगा मी अगदी जवळून टिपल्या होत्या, ती बाई पुढच्याच रांगेत बसली होती. संपल्यावर ती शांतपणे म्हणाली, "समदं दावलंस. हात दावले, पोरं दावली, पाणी दावलं. पैसं कापून घेतो त्यो कुठं हाय?" माझ्या वीस मिनिटांत तो एकदाही आला नव्हता. मी परिणाम दाखवले होते आणि कारण चौकटीबाहेर ठेवले होते. माहितीपट कसा पाहावा हे त्या बाईने मला शिकवले, आणि तेव्हापासून कोणतेही चित्रीकरण सुरू करण्यापूर्वी तिचा प्रश्न मी स्वतःला विचारतो.

तुमच्या विषयात तर कारण दाखवण्याला फारच महत्त्व आहे, कारण शहरातल्या प्रेक्षकाला ते ठाऊकच नसते. त्याला वाटते की अडाणी बायकांना लोभी डॉक्टरांनी फसवले. हे पुष्कळ ठिकाणी खरेही आहे. पण बाई डॉक्टरच्या दारात पोहोचते त्याआधी बरेच काही घडून गेलेले असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणजे बाईची मजुरी स्वतंत्रपणे कुठेच लिहिली जात नाही. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाते आणि पुढचे पाच-सहा महिने ती फेडायची असते. कामावर गेले नाही तर खाडा लागतो. एका दिवसाचे पाचशे, कधी त्याहूनही जास्त कापले जातात, म्हणजे मजुरी तर बुडतेच आणि वर दंड बसतो. अशा हिशेबात महिन्याचे पाळीचे चार दिवस हे चार खाडे असतात. फडावर न्हाणी नाही, संडास नाही, राहायच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पाणी नाही, पाचटातून मोळ्या वाहून रात्री-अपरात्री गाडी भरायची. मग अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, जंतुसंसर्ग हे ओघानेच येते. या दुखण्यावर महिनाभराच्या औषधांनी आणि विश्रांतीने उपचार होऊ शकतो, पण विश्रांती म्हणजे पुन्हा खाडे. त्यातच "पिशवी खराब झाली, ठेवलीत तर कॅन्सर होईल" असे कुणी सांगितले, की दोन-तीन लेकरे झालेल्या बाईला पिशवी काढणे हाच शहाणपणाचा मार्ग वाटू लागतो. शस्त्रक्रियेचा खर्चही पुष्कळदा उचलीतूनच होतो, आणि तो फेडण्यासाठी टाके पुरते वाळायच्या आत बाई पुन्हा फडावर जाते. अंडाशयही काढले असेल तर ऐन तिशीत रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात, कंबर धरते, आणि तशा अंगाने पुढची वीस वर्षे मोळी उचलायची असते.

हे सगळे निवेदकाच्या आवाजात सांगू नका. ते वस्तूंमधून दाखवा. मुकादमाकडे हिशेबाची वही असते. तिच्यातले एक पान, एका हंगामाचे, एका कोयत्याचे, तुमच्या चित्रपटात पूर्ण दोन मिनिटे पडद्यावर राहू द्या. उचल किती, किती टन तोडला, खाडे किती, दवाखान्यासाठी घेतलेले किती, आणि शेवटी 'बाकी' म्हणून पुढच्या वर्षावर ओढलेली रक्कम किती, हे मावशींच्या बोटाने ओळीओळीने सरकत जाऊ द्या. त्या लिहिणे-वाचणे जाणत नसतील तर तुम्ही वाचा आणि त्यांना आठवणीतून दुरुस्त करू द्या. मुकादमाने लावलेला आकडा आणि मावशींच्या लक्षात असलेला आकडा जिथे जुळणार नाही, तिथे तुमचा चित्रपट सापडेल. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ जाहीर झाली. ती या पानावर कुठे दिसते का, हेही पाहा.

तसेच दवाखान्याचे कागद. आपल्याकडे ते ट्रंकेत, साडीच्या घडीखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेले असतात. सोनोग्राफीचा अहवाल, घरी सोडतानाचे कार्ड, औषधांची बिले हे सारे आधी पाहा आणि दुसऱ्या एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवून विचारा की एवढ्यावर गर्भाशय काढण्याची गरज होती का. कागद हरवले असतील तर रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी देणे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरवर बंधनकारक आहे. मावशींच्या सहीचा किंवा अंगठ्याचा अर्ज करा आणि पोच घ्या. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या नोंदी कदाचित मिळणार नाहीत, तरी अर्ज कराच. मात्र हे सारे हाती येईपर्यंत कोणत्याही दवाखान्याचे वा डॉक्टरचे नाव चित्रपटात घेऊ नका, पाटीही दाखवू नका. पुराव्याशिवाय घेतलेल्या एका नावामुळे बदनामीचा खटला उभा राहतो, आणि मग चित्रपटातली खरी गोष्टही संशयाखाली येते. बातम्यांनंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेपूर्वी खासगी रुग्णालयांनी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी असे बंधन घातले गेले. ते आज कसे पाळले जाते, अर्ज किती आले आणि किती नाकारले गेले, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर आले तर तो कागद चित्रपटात दाखवा, आणि मुदतीत आले नाही तर तुमच्या अर्जाची प्रत दाखवा.

आता रडण्याविषयी. मित्रांचा सल्ला मला मुळीच पटत नाही. मावशी बोलता बोलता रडल्या तर तो त्यांचा क्षण आहे. त्यांनी परवानगी दिली तर ठेवा. पण त्यांना रडू यावे म्हणून प्रश्न विचारणे म्हणजे ज्यांनी त्यांच्या शरीराचा हिशेब केला त्यांच्याच रांगेत आपणही जाऊन बसणे होय. आनंद पटवर्धन यांनी मुंबईतल्या झोपडपट्ट्या पाडण्याच्या मोहिमेवर केलेला 'हमारा शहर' हा १९८५ चा माहितीपट मिळवून जरूर पाहा. त्यात एक बाई थेट चित्रीकरण करणाऱ्यांनाच फैलावर घेते. गरिबांची चित्रे काढून तुम्ही नाव मिळवाल, आमच्या हाती काय पडणार, असा तिचा रोख आहे. तो प्रसंग दिग्दर्शकाने कापला नाही. मावशींनी तुम्हाला विचारलेला प्रश्न तोच आहे, आणि तुमच्या चित्रपटाची सुरुवात तिथूनच व्हावी असे मला वाटते. प्रश्न विचारताना मावशींचा चेहरा, आणि कॅमेऱ्यामागून तुमचे गप्प राहणे.

चेहऱ्यावरून आठवले. संमती म्हणजे कागदावरचा एक अंगठा, असे चित्रपट शिकवणाऱ्या संस्थांमध्येही कधी कधी समजले जाते. मावशी तुमच्यावरच्या मायेपोटी हो म्हणाल्या आहेत, आणि मायेपोटी दिलेला होकार सर्वांत जास्त जपायचा असतो. चित्रीकरणाआधी विचारा, झाल्यावर चार दिवसांनी विचारा, आणि कच्चे संकलन त्यांना दाखवून तिसऱ्यांदा विचारा. त्या तिसऱ्या वेळी त्यांच्या शेजारी मावसोबा, मुलगा, सून यांपैकी कुणी असावे की नसावे, हेही त्यांनाच ठरवू द्या. तेव्हा त्या नाही म्हणाल्या तर तो भाग काढायचा, प्रकल्पाचे गुण गेले तरी चालतील, अशी मनाची तयारी आजच करा. चेहरा धूसर केला म्हणजे ओळख लपली, असा समज तर अजिबात करून घेऊ नका. शहरात ते चालते. गावात आवाजावरून, लुगड्यावरून, दारातल्या तुळशीच्या कट्ट्यावरूनही माणूस ओळखले जाते. ओळख खरोखर लपवायची असेल तर बोलणे दुसऱ्या बाईच्या आवाजात घ्या आणि पडद्यावर फक्त कोयता धरलेले हात, कागद आणि वही ठेवा. टोळीतल्या अठरा वर्षांखालच्या मुली, लग्न झालेल्या असोत वा नसोत, त्यांचे चेहरे कोणत्याही कारणाने दाखवू नका.

मुकादम भावकीतला आहे, ही तुमची सर्वांत मोठी अडचण आहे आणि कदाचित सर्वांत मोठी संधीही. तोडणीची साखळी पाहा : कारखाना, वाहतूक ठेकेदार, मुकादम, कोयता. वरून उचल येते ती मुकादमाच्या नावावर, आणि एखादी टोळी पळाली तर वसुली त्याच्याकडून होते. कारखान्याला विचारले तर ही आमची माणसे नव्हेत, ठेकेदाराची आहेत, असे उत्तर मिळते. मुकादमाला खलनायक केले की साखळीतले वरचे सगळे सुटतात. म्हणून त्याच्याशी बोला, लपवून नव्हे, कॅमेरा समोर ठेवून, आणि त्याच्या डोक्यावर किती रक्कम आहे हे त्यालाच सांगू द्या. मात्र ही मुलाखत बायकांची सगळी कामे उरकल्यावर, शेवटी घ्या. उचल वाटली जाते त्या जून ते सप्टेंबरच्या काळात चित्रपट बाहेर आणू नका. त्या दिवसांत मुकादमाने एका घराला उचल नाकारली की त्या घराचे वर्ष बुडते, आणि त्याला कारणही सांगावे लागत नाही. उचल हाती पडल्यावर, पण दसऱ्याला टोळ्या निघण्यापूर्वी, गावात पहिला खेळ करा. निघणाऱ्या टोळ्यांत आईवडिलांची आणि मावशींचीही टोळी असेल, याचा अर्थ काय होतो हे त्यांच्याशी आधी स्पष्ट बोलून घ्या. धोका नाही असे कुणालाही सांगू नका.

धोका खरोखरच असतो. तमिळनाडूत दिव्या भारती यांनी हाताने मैला साफ करणाऱ्या कामगारांवर 'कक्कूस' हा माहितीपट केला. २०१७ मध्ये त्याचे खेळ पोलिसांनी थांबवले, तेव्हा त्यांनी तो यूट्यूबवर टाकला. नंतर त्यांना धमक्याही आल्या आणि गुन्हाही दाखल झाला. तिथे यूट्यूब हा शेवटचा दरवाजा होता. तुमचे मित्र त्याला पहिला दरवाजा समजत आहेत. एकदा तिथे गेलेली साक्ष परत घेता येत नाही, खालच्या प्रतिक्रियांवर आपला ताबा राहत नाही, आणि ती मावशींच्या नातवंडांच्या मोबाइलपर्यंत पोहोचते. तिथे टाकायचेच असेल तर वहीच्या हिशेबाचा पाच-सात मिनिटांचा वेगळा भाग करून टाका आणि मावशींची साक्ष त्यातून वगळा.

सार्वजनिक प्रदर्शनासाठी १९५२ च्या चलच्चित्र कायद्याखाली प्रमाणपत्र लागते आणि ते माहितीपटालाही लागू आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी आपल्या लघुमाहितीपटासाठी प्रदर्शनापूर्वीच्या या परीक्षणाला (सेन्सॉरला) सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले होते. १९७० च्या निकालात न्यायालयाने ही पद्धत वैध ठरवली. मला ती मनापासून आवडत नाही, तरीही तुम्ही प्रमाणपत्र घ्या, कारण गावात कुणी तक्रार केली आणि पोलीस विचारायला आले तर तो कागद ढालीसारखा उपयोगी पडतो.

दाखवायचा कुणाला, यावर तुम्ही पत्रात काहीच लिहिलेले नाही, आणि मावशींना द्यायचे उत्तर तर तिथेच आहे. नुसते पाहून न्याय मिळत नाही, हे जगाने १९९१ मध्ये लॉस एंजेलिसला अनुभवले. रॉडनी किंग यांना पोलीस मारत असल्याचे चित्रीकरण साऱ्या अमेरिकेने दूरचित्रवाणीवर पाहिले, तरीही पुढच्या वर्षी ज्यूरीने एकाही पोलिसाला मारहाणीबद्दल दोषी धरले नाही. चित्रपटाला कुणाच्या तरी टेबलावर ठेवता येईल अशी मागणी सोबत लागते, आणि ती मागणी रेटणारी, कॅमेरा निघून गेल्यावरही तिथेच राहणारी माणसे लागतात. पुण्यात अतुल पेठे यांनी सफाई कामगारांवर 'कचराकोंडी' केला तेव्हा कामगारांची संघटना त्यांच्या सोबत होती, आणि पुढे 'सत्यशोधक' नाटकात ते कामगारच रंगमंचावर उभे राहिले. तुमच्या जिल्ह्यात ऊसतोड महिलांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्या आहेत, महिला किसान अधिकार मंच आहे. चित्रीकरणाच्या आधी त्यांना भेटा आणि या वर्षी त्या नेमके काय मागत आहेत ते विचारा. कोयत्यातल्या बाईची स्वतंत्र नोंद आणि ओळखपत्र, फडाजवळ पाणी आणि संडास, पाळीच्या दिवसांचा खाडा बंद, यांपैकी एकच मागणी निवडा आणि चित्रपट तिच्याभोवती आवळा. मग एक दहा मिनिटांची आवृत्ती कारखान्याचे संचालक, साखर आयुक्तालय, जिल्हा परिषद आणि वैद्यकीय महाविद्यालयांतले विद्यार्थी यांच्यासाठी काढा, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरकडच्या ज्या गावांत तुमच्या टोळ्या उतरतात, तिथल्या ग्रामपंचायतीच्या ओट्यावरही दाखवा. फडाशेजारी राहणाऱ्या त्या बायाबापड्यांना आपल्या बांधावर कोपीत काय चालते हे पाहूनही दिसलेले नसते.

हे ठरले की मावशींना सांगण्यासारखे तुमच्याकडे काहीतरी असेल. "तुझी गेलेली पिशवी यातून परत येणार नाही, तुझे कर्जही फिटणार नाही. पण खाड्याचे हे पान घेऊन आम्ही अमक्या दिवशी, अमक्या साहेबांपुढे जाणार आहोत, आणि तू म्हणशील तर तुलाही नेणार आहोत." एवढेच सांगा, वाढवून काही सांगू नका, आणि तारीख ठरलेली नसेल तर ती ठरेपर्यंत थांबा.

या आठवड्यात मात्र कॅमेरा घरीच ठेवा. मावशींकडे जा, ट्रंक उघडायला सांगा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतले सगळे कागद तारखेप्रमाणे लावून त्यांच्या दोन झेरॉक्स काढा. एक संच मावशींना द्या आणि मूळ कागद जिथे होते तिथेच ठेवा.